घाऱ्या डोळ्यांसाठी काळी मखमल

३ नोव्हेंबर, सोमवार

आई आज स्टुडिओत आल्या, काउंटरसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझा एक चांगला फोटो काढ. घाई हाय."

मी कोणाचे तरी पासपोर्ट फोटो कापत होते. कात्री वाकडी गेली.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, एक धड फोटो नाही. आमच्या अल्बममध्ये त्या दर वेळी कोणाच्या तरी खांद्यामागे. कारण डोळे. घारे, अगदी फिके. मुलींच्या बोर्डिंगात मेट्रन होत्या तेव्हा पोरी मागे 'मांजर आली' म्हणायच्या, आणि ते त्यांना माहीत होतं. फोटोत तर ते डोळे आणखी पांढरे पडतात. म्हणून कॅमेरा दिसला की मेट्रनबाई गायब.

आणि आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. साठीपुढची बाई एकटी येऊन चांगला फोटो मागते तो भिंतीसाठी. हार घालायचा फोटो. माणूस गेल्यावर पोरं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावतात, म्हणून शहाण्या बाया आधीच काढून ठेवतात. मागच्या आठवड्यात शिंगणापूरकडच्या बनुबाई येऊन गेल्या. "हसरा नगं काढू. लोक म्हन्तील, म्हातारी मरूनबी हसतीया." केवढी हसले होते मी.

आज विचारायची हिंमत झाली नाही. "काढू की," म्हटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नवऱ्याला, डॅनीला सांगितलं. म्हणाला, "तुला सगळीकडं मयतच दिसतं." पण मग भाजी परत मागितली नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर प्री-वेडिंगवाली जोडपी. केडगावात पुणे रोडला धूळ खात उभं राहायचं, आणि फोटोत मागे स्वित्झर्लंड पाहिजे. दोघांचे चेहरे दुधाच्या पिशवीसारखे पांढरे करून दिले. खूष होऊन गेले.

जोडपं गेलं की मी मोबाईलवर माझे जुने हॉलिवूडवाले लावते. हीच माझी शाळा. फोटोग्राफीच्या कोर्समध्ये मला शिकवलं ते एवढंच की दोन लाइट दोन्हीकडून मारा, सावली मारून टाका. आणि ही मंडळी सावलीवरच जगली! जोसेफ फॉन स्टर्नबर्ग नावाचा दिग्दर्शक, त्याची मार्लीन डीट्रिच. एकच लाइट, समोरून, खूप उंचावर. नाकाखाली एवढीशी सावली पडते, गाल आत जातात, आणि बाईच्या चेहऱ्यावर अचानक काहीतरी घडून गेलेलं दिसतं. पुढे ती इतकी तयार झाली की म्हणे कॅमेऱ्याशेजारी आरसा ठेवायची आणि लाइट चुकला तर स्वतः सांगायची. अशी बाई मला एकदा भेटायला हवी होती. मी तिची बॅग उचलून हिंडले असते.

तो लाइट डॅनीवर करून पाहिला. भुरटा चोर दिसला. डीट्रिचचं सोडा, आपला नवराही बिघडला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आईंचा पहिला फोटो. फसला.

उंचावरचा लाइट लावला, चेहरा छान आला. गालांची हाडं तर अशी की कोणत्याही हिरॉइनने हेवा करावा. पण डोळे! माझ्या लाइटवरच्या सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन दोन्ही बुबुळांत जसाच्या तसा. नजरच नाही.

त्यांनी स्क्रीनवर पाहिलं. "यापेक्षा मेल्यावर बरी दिसंन," म्हणाल्या आणि स्वतःच्या बोटाने डिलीट केलं. मग पदर नीट करत, "पुन्हा काढ. या म्हैन्यातच पायजे."

या महिन्यातच का, हे मी विचारलं नाही. भित्री मी.

१० नोव्हेंबर, सोमवार

आईंनी ट्रंक उघडली. साड्या वाटायला काढल्या. जांभळी मला, नेसून जुनी कर म्हणाल्या. पितळी डबे पुसून एका बाजूला ठेवले. हल्ली मधूनच नगरला जाऊन येतात. कुठे, तर "काम हुतं". औषधाची पिशवी दिसत नाही. आज लाज सोडून त्यांची पर्स उघडून पाहिली. चष्मा, रुमाल, बायबलचा छोटा नवा करार, बडीशेप.

माझ्या आईनेही असंच आधी साड्या वाटल्या होत्या. आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टरांनी हात वर केले होते. भिंतीवर तिचा फोटो आहे तो आधार कार्डावरचा. नाक आहे, कपाळ आहे, आई नाही त्यात.

हा स्टुडिओ काढायचा म्हटल्यावर सगळे डॅनीला म्हणत होते, बायकोला कशाला बाहेर बसवतोस. सासूबाई एकट्या म्हणाल्या, "बसू दे. बसली तर कळंल." त्या पहिले सहा महिने रोज माझ्यासोबत त्या स्टुलावर बसून राहिल्या. या बाईला आधार कार्डावर जाऊ देणार नाही मी. तो फोटो झालाच पाहिजे, आणि त्या आहेत तोवर.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं! सापडलं!!

जेम्स वाँग हाउ, हॉलिवूडचा कॅमेरामन. चीनमध्ये जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला, स्टुडिओत अगदी खालच्या कामापासून सुरुवात केलेला. मूकपटांचा काळ. मेरी माइल्स मिंटर नावाची स्टार, तिचे डोळे फिकट निळे. त्या वेळच्या फिल्मवर निळा रंग पांढरा उमटायचा, म्हणजे बिचारी फोटोत आंधळी दिसायची. हाउने तिचा एक फोटो काढला आणि त्यात डोळे गडद आले! त्यालाही आधी कळेना कसे. मग लक्षात आलं की समोर काहीतरी काळं होतं, ते तिच्या डोळ्यांत उतरलं. झालं. पठ्ठ्याने काळी मखमल घेतली, मधे भोक पाडलं, भोकातून लेन्स काढली. मग फिक्या डोळ्यांच्या नट्या त्यालाच मागायला लागल्या.

माझ्या कॅमेऱ्याला निळ्याचा त्रास नाही, पण डोळ्यात समोरचं उतरतं हे तर आजही खरंच. समोर पांढरा चौकोन ठेवला तर पांढरा चौकोन येणार. समोर काळोख ठेवायचा!

किती साधं. आणि किती वर्षांपूर्वी एका माणसाने नुसतं नीट पाहून शोधलेलं. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कापड बाजार पालथा घातला. मखमल आहे, पण तिच्यात चमक. चमकेल ते डोळ्यात दिसेल. डॅनी जेवताना म्हणाला, "नगरला आपल्या चर्चमध्ये हाय की."

शवपेटीवर घालायचं कापड! जुन्या मिशनच्या काळातलं, जाड, दाट, काळंकुट्ट. उजेड पिऊन टाकणारं. डॅनी पुढे म्हणाला, "गंमत केली." मी केव्हाच चपला घातल्या होत्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल याकोबकाका भेटले नाहीत, आज गाठलं. चर्चची घंटा, झाडलोट, कबरींची देखभाल सगळं त्यांच्याकडे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगी, ती तिकडे सुरतेला. एकटे राहतात, कमी बोलतात.

"मयताबिगर ते कापड भाईर काढत न्हाईत," म्हणाले.

मी हाउची सगळी गोष्ट सांगितली. ते ऐकत होते की खुरपं पुसत होते, कळेना.

"आन् फोटो कुनाचा?"

"आईंचा."

खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मेट्रनबाई बसत्याल का फोटोला?"

"त्यांनीच सांगितलंय. घाई आहे म्हणाल्या."

"मग मीच घिऊन येतो. धरायला मानूस लागंलच की."

एवढी माणसं पोचवली त्यांनी, त्यांना बरोबर समजलं असणार. येताना रस्त्यात रडायला आलं. रिक्षावाल्याला धुळीचं कारण सांगितलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

झाला!

याकोबकाका धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. कापडाची क्रॉसची बाजू मागे, नुसता काळा भाग पुढे. ते माझ्या मागे उभे, दोन्ही हात वर, कापड कॅमेऱ्याच्या डोक्यावरून आणि बाजूंनी. मी त्यात गुडघ्यावर. बाहेर फक्त लेन्स.

आईंनी कापड लगेच ओळखलं. त्या म्हणाल्या, "हे तर आपल्या सगळ्यांचंच पांघरून. आज उभ्याउभ्याच भेटलं."

दिग्दर्शक विल्यम वायलर एकेक शॉट पुन्हा पुन्हा घ्यायला लावायचा आणि काय चुकलं ते सांगायचा नाही म्हणे. नटनट्या रडकुंडीला यायच्या, आणि बक्षिसंही त्यांनाच मिळायची. आज मी वायलर झाले. "आई, अजून एक." "आई, अजून एक." शेवटी त्या चिडल्या. "आगं, त्यांचं हात दुखत असत्याल!" कापडामागून आवाज आला, "न्हाई न्हाई. हू द्या सावकाश."

तेव्हा आईंनी वर पाहिलं आणि हसल्या. तोंडावर पदर न घेता. मी बटण दाबलं.

डोळे काय आलेत! काकवीसारखे. गडद, खोल, आणि आत कुठेतरी उजेड हललेला. मी एवढी पोर्ट्रेटं काढली, असे डोळे आजवर माझ्या कॅमेऱ्यात आले नाहीत. वाँग हाउसाहेब, तुम्ही असाल तिथे सुखी राहा.

याकोबकाकांनी कापडाची घडी घातली आणि चहा न घेता निघाले. आई दारापर्यंत गेल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सुरकुत्यांना हात लावला नाही. बेटी डेव्हिसने एका राणीच्या भूमिकेसाठी कपाळावरचे केस भादरून घेतले होते. कुरूप दिसायला ती घाबरली नाही, म्हणून पडद्यावर तिच्यावरून नजर हलत नाही. आमच्या मेट्रनबाई तिच्याच जातकुळीतल्या.

प्रिंट दाखवली. कितीतरी वेळ धरून बसल्या.

"ही मी हाय?"

"तुम्हीच."

"मोबाईलवर बी टाक मला." आणि मग एकदम, "माझ्यापरीस बरी हाय ही."

आनंद व्हायला हवा होता. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डॅनी म्हणतो तू विचार. मी म्हणते तुझी आई आहे, तू विचार. दोघेही विचारत नाही. आज संध्याकाळी आईंना माझ्या मोबाईलवर एक जुना पिक्चर दाखवला. हिरॉइन स्टेशनवर रडत होती, एकेक थेंब मोजून. आई म्हणाल्या, "हिचं नाक वाहत न्हाई का?" मग शेवटपर्यंत पाहिला.

त्या सगळ्या नट्या केव्हाच गेल्या. पण केडगावात, एका स्टुलावर, त्यांच्या गालावरचा उजेड अजून तसाच आहे. कोणीतरी त्यांच्याकडे मन लावून बघितलं म्हणून. मला याच्यापेक्षा मोठं काम दुसरं माहीत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

धीर करून विचारलं. आई शेंगा फोडत होत्या.

"आई, डॉक्टर काय म्हणाले?"

"कंचा डॉक्टर?"

"मला सांगा ना. मी तुमची कोणी नाही का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले. "रविवारी दोघं येळेवर चर्चला या. पाळकसाहेब सांगत्याल. माझ्याच्यानं न्हाई बोलवत."

म्हणजे आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत नाव वाचणार. डॅनीला सांगितलं. तो उठून गच्चीवर गेला.

३० नोव्हेंबर, रविवार

आईंच्या डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला डॅनी. मी त्यांचा हात घट्ट धरला होता. आजाऱ्यांची नावं वाचून झाली. आईंचं नाव नाही.

मग पाळकसाहेबांनी दुसरा कागद घेतला. लग्नाच्या सूचना. "याकोब, विधुर, आणि दया, विधवा, दोघेही याच मंडळीचे. यांच्या विवाहाला कोणाची हरकत असेल तर त्यांनी सांगावं. आज पहिल्यांदा विचारत आहे."

दया म्हणजे आमच्या आई. डॅनीचं तोंड उघडं. पुढच्या बाकावर पांढऱ्या शर्टातली मान ताठ, कान लालबुंद.

आई समोरच बघत हळूच म्हणाल्या, "सुरतेच्या पोरीला मला बघायचं हुतं. तिला लई आवडला फोटो."

कॅमेऱ्यामागे उभा कोण होता, आणि त्या बघत कोणाकडे होत्या! मी सगळं श्रेय मखमलीला देऊन मोकळी झाले होते. आणि मी बया महिनाभर त्यांना पुरायला निघाले होते.