लूप काढला

सोमवार, ३ मार्च

नवी नोकरी, नवी वही. वही हातात देताना ताईने टोमणा मारलाच, की चार पानं लिहून हिचीही रद्दी होणार. बघूच! पहिला दिवस म्हणून कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, तर इथल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियननी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि वऱ्हाड मागून येतंय का, असं विचारलं. तेव्हापासून मी नवरदेव. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणायला लागलो. तळघरात पोचल्यावर इस्त्री अर्ध्या तासात उतरली. माणसं झकास आहेत.

मंगळवार, ४ मार्च

काम असं. टेलिफोन कंपनी आपली डिजिटल लाइन तळघरातल्या खोलीत आणून सोडते. तिथून ती सातव्या मजल्यावरच्या मदत केंद्राच्या यंत्रापर्यंत आम्ही न्यायची. केंद्रात नर्स बसतात. कुणाच्या छातीत दुखलं, कुणी भलतं काही गिळलं, की घरचे तिथे फोन करतात आणि अँब्युलन्स येईपर्यंत काय करायचं ते विचारतात.

काका वायर बांधतात त्या वेणी घातल्यासारख्या. एक जोडी जाणारी, एक येणारी. त्या उलटसुलट लागल्या तर दोन्हीकडे नुसती तोंडंच, कान कुणालाच नाही, असं ते म्हणतात. मी हसत होतो, पण लक्षात ठेवलं.

शुक्रवार, ७ मार्च

आज चाचणी. वरच्या टोकाला लूप खोचायचा. अंगठ्याएवढा प्लग असतो. खालून जे पाठवाल ते तो जसंच्या तसं परत पाठवतो. परत आलं म्हणजे वाट धड आहे. मग लूप काढून तिथे केंद्राच्या यंत्राची केबल लावायची, की काम संपलं.

चाचणी फर्स्ट क्लास झाली. लिफ्ट बंद होती आणि मी सकाळपासून चार वेळा सात मजले चढलो होतो. काकांनी मोबाइलवर विचारलं, लूप काढला का. मी तोवर तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरलो होतो. काढला, म्हणून सांगितलं. केंद्र नव्या लाइनवर सोमवारी जाणार, तोवर येऊन काढू की! काकांनी फॉर्मवर ‘लूप काढला’ यापुढे खूण केली, खाली सही केली. ते सही करत असताना मला थोडं कानकोंडं झालं, पण पाय फार दुखत होते.

रविवार, ९ मार्च

साहेबांनी काकांना आणि मला सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलं. सोमवारऐवजी केंद्र कालच नव्या लाइनवर टाकलं होतं. लूप असला तरी कंपनीच्या टोकाला दिवा हिरवाच दिसतो. वर नर्सना वाटलं, आज दिवस शांत आहे.

काल दुपारी एका बाईंनी फोन केला. खरं तर लूपवर फोन लागायलाच नको. साहेबही म्हणाले, कसा लागला देव जाणे. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आम्हाला ऐकवलं. यांच्या छातीत कळ येतेय, मी काय करू, असं बाई विचारतात. आणि त्यांच्याच आवाजात उत्तर येतं, मी काय करू. अकरा मिनिटं हेच. त्यांचे यजमान गेले.

लूप कुणी ठेवला, असं साहेबांनी विचारलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या बुटांकडे. मग काकाच म्हणाले, सही माझी आहे, जबाबदारी माझी.

सोमवार, १० मार्च

काकांना घरी बसवलं. शुक्रवारी अकराला चौकशी, मग नोकरी जाणार हे ठरल्यातच जमा. चोर सोडून संन्याशाला फाशी. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माझीच किळस येते. उद्या सांगून टाकणार.

मंगळवार, ११ मार्च

साहेबांना फोन केला. धीर करून म्हणालो, चूक माझी होती.

पलीकडून आलं, चूक माझी होती. आवाज माझा. घाबरून फोन ठेवला. लाइन खराब असेल.

बुधवार, १२ मार्च

आज समोरासमोर. केबिनमध्ये उभं राहून म्हणालो, लूप मी ठेवला, काकांनी नाही. साहेबांचे ओठ हलले. लूप मी ठेवला, काकांनी नाही. तोंड त्यांचं, आवाज माझा —

आणि लगेच, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, काय रे, काही काम होतं का?

गुरुवार, १३ मार्च

ताईला सांगितलं. तिच्याही तोंडून तेच. मग म्हणाली, चहा गार होतोय, असा काय बघतोस.

बाकी सगळं पोचतं. हे एकच पोचत नाही. त्या बाईंना असंच —

कागदाला आवाज नसतो. उद्या ही वहीच काकांच्या हातात देतो. चौकशीत ते वाचून दाखवतील.

शुक्रवार, १४ मार्च. सकाळ

काकांच्या घरी. काकूंनी आत बसवलं. काकांनी वही वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. डोळे भरून आले त्यांचे. वाटलं, पोचलं.

त्यांनी पेन मागितलं. कोऱ्या पानावर लिहिलं — लूप मी ठेवला. खोटं मी बोललो. अक्षर माझं. पान फाडून खिशात घातलं, चपला घातल्या, चौकशीला निघालेसुद्धा. मी पुढ्यात बसून त्यांचे पाय धरले. काका, मी केलं. ते खाली वाकून म्हणाले, मी केलं. माझा आवाज —

गेले.

काकू उंबऱ्यात. विचारतायत, यांनी खरंच केलं का रे. बोललो तर काय होईल ते कळतंय, म्हणून लिहितोय. काकू, त्यांनी नाही, मी — वही फिरवून दाखवली. वाचतायत. ओठ हलतायत — रडत म्हणतायत, मी —

काकू नको, तुम्ही नका म्हणू, मी —