आत्याला हवा तो सायलेन्सर

मु. देवळीपाडा, ता. कळवण
९ नोव्हेंबर २००३

चि. किशोर,
आत्याचा तुझ्या डोक्यावर हात. आई, बाप, म्हैस, सगळे बरे हाय.

नाय रे बाबा, मधला नको. तीन सायलेन्सरांची चित्रं काढून पाठवली आणि विचारतो कुणाला, तर चौथी शिकलेल्या आत्याला. असा भाचा सगळ्या सातपुरात तूच असशील. पण विचारलंच हाय तर सांगते. कंपनीचा काढून टाक. नव्या गाडीचा आवाज असा असतो का? मागल्या शनिवारी तू दारात येऊन उभा राहिला तरी मी शेंगाच निवडत होते. तुझ्या मामांची, म्हणजे आमच्या मालकांची, राजदूत फटफटी ओढ्यापलीकडं असली की मी भाकरी तव्यावर टाकायचे. ते पाय धुऊन बसले की ती ताटात. गाडी अशी पाहिजे. तू तिसऱ्या चित्रातला घे, सगळ्यात मोठ्या आवाजाचा. पोस्टातल्या ज्योत्स्नाला पण कळू दे कोण आलं ते. सरळ रस्ता सोडून तू पोस्टावरनं घरी येतो, हे काय मला दिसत नाय?

तुझ्या आण्णाला, यादवाला, मी सांभाळते. तुझा बाप असला तरी माझा धाकटा भाऊ हाय, त्याचं नाक मीच पुसलंय.

काय ठरलं ते पत्रानंच कळव. दुकानातल्या फोनवर नको, तिथं सगळं गाव कान लावून बसतं.

माया हाय तेवढीच राहू दे, वाढली तर ठेवायला घरात जागा नाय.
तुझी,
अंबूआत्या

*

सातपूर, नाशिक
१७ नोव्हेंबर २००३

ती. अंबूआत्यास,
खोलीत मावेल तेवढा वाकून नमस्कार.

तुझं पत्र गोटीराम मिस्त्रींना वाचून दाखवलं. ते माझी गाडी बघतात. हसून हसून त्यांच्या हातातला पाना पडला. म्हणाले, आत्याबाईंना गॅरेजवर आणून बसवा.

पण ते काम वाटतं तेवढं सोपं नाही. सायलेन्सर मोकळा केला की इंजिन जास्त हवा ओढतं. पेट्रोल तेवढंच राहिलं तर आतून तापतं. म्हणून कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, तोही मोठा घालावा लागतो. मग गाडी दहा किलोमीटर पळवायची आणि प्लग काढून बघायचा. पांढरा निघाला तर पेट्रोल कमी, काळा निघाला तर जास्त, भाजलेल्या विटेच्या रंगाचा निघाला की जमलं. तू भाकरीचा रंग बघून जाळ मागे ओढतेस, तसंच.

तिसरा सायलेन्सर मात्र नको. पहाटेच्या पाळीला निघालो की अख्खी चाळ उठेल, आणि पोलीस धरतील ते वेगळंच. मधला घेऊन ठेवला आहे. गाडी दोन हजार किलोमीटर चालल्याशिवाय मिस्त्री तिला हात लावणार नाहीत, तोवर कंपनीचाच. शनिवारी कारखान्याला सुट्टी आहे, तेव्हा ही मुकी गाडीच घेऊन येतो. रागावू नकोस.

ज्योत्स्नाबद्दल घरात काही बोललीस तर लाडूसुद्धा खाणार नाही.

तुझी थट्टा चालू ठेव, तिच्याशिवाय करमत नाही.
तुझा,
किशोर

*

देवळीपाडा
२७ नोव्हेंबर २००३

चि. किशोर,
आत्याचा हात तुझ्या डोक्यावर. प्लॅस्टरला लावत नाय, दुखंल.

हात कसा हाय? वणीच्या डॉक्टरनं सहा आठवडे सांगितले, तेवढे नीट पाळ. मेथीचे लाडू पाठवलेत. कडू झाले असतील, करताना ध्यान नव्हतं.

तो शनिवार डोळ्यांपुढनं हलत नाय. मी डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन एस्टीच्या थांब्याकडं चालले होते, रस्त्याच्या मधोमध. एकदम काळं काहीतरी बाजूनं गेलं आणि तू नालीत. लोकं जमली. यादव धावत आला आणि पहिलं हेच विचारलं, की पोरानं हॉर्न दिला का. मी नाय म्हणाले. दवाखान्यात परत विचारलं, तिथं पण नाय म्हणाले. आता सगळ्या गावाला पाठ झालंय की यादवाचा पोरगा हॉर्न न देता म्हाताऱ्या आत्याच्या अंगावर आला.

मोठ्या आवाजाचा लावला असता तर असं झालं नसतं. हे तुला बोल लावायला लिहीत नाय रे. माझ्या मनात येतं, म्हणून लिहिलं.

यंदा वांगी चांगली हाय. मला गोड लागत नाय.

माझ्यावर राग आला तर येऊ दे, धरून मात्र ठेवू नको.
तुझी,
अंबूआत्या

*

सातपूर
२ डिसेंबर २००३

ती. अंबूआत्यास,
एका हाताने नमस्कार, दुसरा गळ्यात आहे.

लाडू संपले. कडू होते, तरी संपले.

आण्णा चार दिवसांपासून इथेच माझ्याजवळ आहेत. गाडी विकायची म्हणतात. गिऱ्हाईक पण बघितलं, ते रविवारी येणार. गाडी गेली की पहाटेची पाळी गेली, त्या वेळेला इकडून बस नाही. आणि पाळ्या चुकवणाऱ्याला कारखाना पर्मनंट करत नाही. हे सगळं आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, ज्याला आपल्या आत्याच्या मागे हॉर्न देता येत नाही, त्याने पायी चालावं.

मिस्त्रींनी पुढचं चाक सरळ करून ठेवलं आहे. मधला सायलेन्सर दुकानदाराला परत दिला.

आत्या, मला अजून वाटतं की मी हॉर्न दिला होता. एकदा वळणावर आणि एकदा तुझ्या मागे आल्यावर, लांबलचक. अंगठा बटणावर होता तेही आठवतं. पण आण्णा म्हणतात, अंबूआक्का खोटं बोलणार नाही. ते खरंच आहे, तू कशाला खोटं बोलशील. पडल्यावर माणसाला काहीही आठवतं. तुला धक्का लागला असता तर काय झालं असतं, एवढंच डोक्यात फिरतं. मला माफ कर.

पहिल्यासारखं चिडवणारं एक पत्र लिही.
तुझा,
किशोर

*

देवळीपाडा
४ डिसेंबर २००३

चि. किशोर,
हात जोडते. डोक्यावर ठेवायला आज धीर होत नाय.

पत्र पोस्टात टाकलं नाय. भिका टोमॅटोची गाडी घेऊन नाशकाला निघालाय, त्याच्या हाती देते. रविवारच्या आत तुझ्याकडं पोचवायची शपथ घातलीय त्याला. वाचून झालं की यादवाच्या हातात दे. त्याचा चष्मा नसला तर तू वाचून दाखव, पण एक ओळ गाळू नको.

तू माफी मागितली तिथं दोन वेळा वाचून थांबले. मग चूल पेटवली, तशीच विझवली. सहीच आधी करून ठेवते. खालचं लिहिल्यावर हात मागं फिरला तर सही राहायची.

जमलं तर आत्याच म्हणत राहा.
तुझी,
अंबूआत्या

यादवा, गेल्या पावसाळ्यापासनं माझा डावा कान गेला. दिवाळीपर्यंत उजवा पण गेला. समोरचा माणूस बोलला तर ओठांवरनं ओळखते, नाय ओळखलं तर थट्टा करून वेळ मारून नेते. लोकं हसतात आणि पुढं जातात. फोन नको म्हणते तो याच्यासाठी. तुला कळलं असतं तर तू मला बाजारात टोपली घेऊन बसू दिलं नसतं. घरात कोपऱ्यात बसवलं असतं, रस्त्यावर जाऊ नको म्हणाला असता. बाजारातल्या चार बाया आणि त्यांची भांडणं, एवढंच माझ्याकडं उरलंय. म्हणून पोराला मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरच्या मागं लावलं. निदान तो आलेला तरी कळंल, असं वाटलं होतं.

त्या दिवशी तू विचारलं तेव्हा सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. हॉर्न दिला म्हणाले असते तर पुढचा प्रश्न होता, मग तू बाजूला का झाली नाय. म्हणून नाय म्हणाले.

गाडी विकू नको. पोरगा म्हणतो हॉर्न दिला, तर त्यानं दिला. मी बहिरी हाय, आणि मी खोटं बोलले.