उपाशीपोटी

धुळे, दवाखान्यातून
१२ जानेवारी १९८८

प्रिय आई,
तुझ्या पायांवर बन्सीचं डोकं.

मी बरा आहे. दारू सुटली, दोन्ही वेळ जेवतो. फक्त तळपायाला सुई टोचलेली कळत नाही. गाय व्याली का?

डॉक्टर म्हणाले, "पिणारे पुष्कळ. पण जे उपाशीपोटी पितात, त्यांच्या पायांच्या नसा आधी जातात."

कामावर जाताना तू बांधून दिलेली भाकर मी कुत्र्याला घालायचो. रिकाम्या पोटी लवकर चढायची ना. संध्याकाळी तू फडकं झटकत विचारायचीस, "बठ्ठी खादी का रे?" मी म्हणायचो, हो, सगळी खाल्ली.

परवा सोडतील. तू नेहमीसारखी तळपायांना काशाची वाटी घासशील. मी म्हणेन, बरं वाटतं. आई, ते खरं धरू नकोस.

तुझा,
बन्सी