ब्रेक दिलाय

तीर्थरूप आप्पा,
निशिगंधाचा तुम्हाला आणि आईला नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय.

गुडघा कसा आहे? तेल रोज लावता ना?

मी बरी आहे. तुम्ही गावभर सांगितलंत म्हणे, पोरीला ब्रेक मिळाला, आता घरी येईल. आप्पा, चाकणला चहाच्या सुट्टीलाही ब्रेकच म्हणतात, आणि कंपनीची बस खड्ड्यापाशी मारते तोही ब्रेकच. माझा तिसराच आहे. कंत्राटातल्या पोरींना काही महिने झाले की घरी बसवतात, म्हणजे कायम करायला नको. थोड्या दिवसांनी परत बोलावतात, काळजी करू नका. आईला मात्र सुट्टीच सांगा.

रुखरुख एकच. शेवटच्या आठवड्यात सुपरवायझरने रुपाली नावाची नवी पोरगी माझ्या शेजारी उभी केली. गाडीच्या वायरींवर टेप कशी गुंडाळायची, बोटं कशी सांभाळायची, सगळं मी तिला जीव लावून शिकवलं. शेवटच्या दिवशी सुटताना ती म्हणाली, "ताई, राहिलेलं उद्या शिकवा हं."

मी हो म्हणाले.

तुमची,
निशी