खिडकीतला वॉकीटॉकी

चिमणे,

मी धक्क्यावर जातोय. दादाची होडी परतली नाही त्याला आज सहा दिवस झाले. शोधपथकाने काल हात टेकले, पण मला घरात बसवत नाही.

खिडकीतला वॉकीटॉकी बंद करू नकोस. चार्जिंगला लावलास तरी चालूच ठेव. खरखर थांबली की आई दारात जाऊन उभी राहते.

दुकानात दादाला पिवळा हवा होता, पाण्यात पडला तरी तरंगणारा. मीच शहाणा! म्हटलं, "खेळणं आहे ते," आणि दणकट म्हणून या काळ्यांची जोडी घेतली. तरंगत नाही हे खोक्यावर लिहिलं होतं. मी नुसती बॅटरी बघितली.

आणि ऐक, याचा आवाज फार तर पाच मैल पोचतो. आई विचारेल. तिला पन्नास सांग.

बाबा