मुकादमाची सही

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. डोंगरावरच्या वाऱ्याने ओठ फुटलेत म्हणून रडतोस आणि मलम लाव म्हटलं की विसरतोस. सोबत डबी पाठवतेय. ती दुर्बिणीच्या पेटीतच ठेव, म्हणजे जमिनीची मोजणी करताना रोज हाताशी येईल.

इकडे सगळं ठीक. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा कोट तिसऱ्यांदा उसवला. आधी खांद्यात घट्ट होतो म्हणाल्या, मग सैल होतो म्हणाल्या. तुझ्या दाजींनी सायकलला नवी घंटी बसवली आहे आणि कारण नसताना वाजवत फिरतात.

मुकादम मजेत आहे. खातो, झोपतो. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष काही नाही. सही नेहमीसारखी खाली आहेच.

तब्येतीला जप आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मलम लावलं, ओठ बरे आहेत. आता मला सांग, मुकादम कुठे आहे?

इथे फोन लागत नाही, आठवड्यातून एकदा सामानाचा ट्रक येतो आणि त्यातून तुझं पत्र. मी निघताना आपलं ठरलं होतं की प्रत्येक पत्राखाली मुकादमाचा पंजा शाईत बुडवून उठवायचा. आठ महिने तू ते केलंस. या वेळचा पंजा मात्र फारच देखणा आहे, चारही बोटं कशी रेखीव! अगं ताई, त्याच्या पुढच्या उजव्या पायाला तीनच बोटं आहेत. पिल्लू असताना फाटकात अडकून एक गेलं. दर आठवड्याला तो पाय धरतेस, पुसतेस, आणि बोटं कधी मोजली नाहीस? लोकांचे खांदे पाव इंचापर्यंत मोजणारी बाई तू! शिवाय कागदाला बटाट्याचा वास येतोय.

मी रागावलो नाही. बाबा गेल्यावर मी कुणाशी बोलत नव्हतो, तेव्हा तोच एक माझ्याजवळ येऊन बसायचा. जे असेल ते स्पष्ट लिही.

दाजींना नमस्कार. माझा राग नाही हे पुन्हा सांगतो, तूही माझ्यावर धरू नकोस.

तुझा बारक्या

१८ फेब्रुवारी

चि. बारक्यास अ. उ. आ.

बटाटाच होता. मला रडू येत होतं, नाहीतर नीट कोरला असता.

दोन तारखेला तो हरवला आणि चूक सर्वस्वी माझी. कुत्रा हरवला तर कळावं म्हणून त्याच्या पट्ट्यावर आपला फोन नंबर दोऱ्याने भरायला घेतला होता. त्यासाठी पट्टा गळ्यातून काढला. चार आकडे भरून झाले, तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई कोट घालून बघायला आल्या, दार उघडं राहिलं आणि हे महाशय पसार. पट्टा मशीनच्या सुईखाली, कुत्रा रस्त्यावर. माझ्यासारखी शहाणी मीच.

मग गल्लोगल्ली कागद चिकटवले. तुझा न धुतलेला स्वेटर पायरीवर ठेवला. दाजी घंटी वाजवत सकाळ-संध्याकाळ हिंडले. लोकांनी चार कुत्री आणून दिली, त्यातलं एक पांढरं होतं. कागदावर तांबडा लिहिलंय हो, असं म्हटल्यावर तो माणूस म्हणाला की हा धुतल्यामुळे उजळलाय.

आणि परवा तो दिसला. पुलापलीकडच्या बेकरीत, भट्टीशेजारी ऐसपैस पसरलेला! मला बघून शेपटी हलवली, पण उठला नाही. बेकरीवाले काका म्हणतात की हा त्यांचा. त्यांचा असाच तांबडा कुत्रा गेल्या ऑक्टोबरात हरवला होता, आता परत आला म्हणून काकूंनी अख्ख्या गल्लीला बिस्किटं वाटली. बोट नाही हे दाखवलं तर म्हणाले, भटकताना कुठेतरी तुटलं असेल बिचाऱ्याचं. फोटो दाखवले तर म्हणाले, आमच्याकडेही असेच आहेत. बघितले, खरोखर तसेच आहेत. खोटं बोलणारी माणसं नव्हेत रे ती, आणि तेच अवघड झालंय. प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या डॉक्टरबाईंनी मानेवरून यंत्र फिरवलं. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप असती तर मालकाचं नाव लगेच कळलं असतं. नाहीये, कारण तू तीन वर्षं नंतर बघू म्हणत राहिलास. पक्का पुरावा आणा, तोवर तो तिथेच राहील, असं बाईंनी ठरवलंय.

माझा जीव टांगणीला लागलाय. काही सुचलं तर कळव. आणि मला मनातून उतरवू नकोस, एवढंच मागणं.

तुझी ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सोबतचा गठ्ठा जपून सोड. तुझी एकतीस पत्रं आहेत. मी सगळी ठेवली होती, हसू नकोस. प्रत्येकाखाली तीन बोटांचा पंजा आहे, वर तुझ्या हातची तारीख आणि पाकिटावर टपालाचा शिक्का. त्यांचा कुत्रा ऑक्टोबरात हरवला ना? मग जून ते सप्टेंबरची पत्रं आधी दाखव. त्यांचा त्यांच्या घरात होता, तेव्हा आपला तुझ्या शाईत होता.

बटाट्याचं पत्र मात्र मी देणार नाही. ते तुला जन्मभर चिडवायला लागेल.

काकांशी गोडीने बोल. कुत्रा हरवल्यावर कसं होतं ते आपण बघतोच आहोत. चिपचं माझं चुकलं. तो मिळाल्याबरोबर बसवून घे.

तू मनातून उतरायला आधी वर चढवून ठेवलंय कुणी? आहेस तिथेच आहेस, माझी ताई.

तुझा बारक्या

४ मार्च

चि. बारक्यास अ. उ. आ.

काकांनी पिठाचे हात धुतले, चष्मा लावला आणि काउंटरवर पत्रं तारखेने मांडली. जूनपासून एकेक बोट मोजत गेले. सप्टेंबरपाशी थांबले. मग चष्मा काढून म्हणाले, "घेऊन जा. हा तुमचाच." काकू आत निघून गेल्या. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

मुकादमाला चिप बसवली. पट्टाही पूर्ण झाला, दहाच्या दहा आकडे. आमच्या उरलेल्या कागदांच्या मागच्या बाजूला आता त्यांच्या कुत्र्याचा फोटो आहे आणि दाजी पुन्हा घंटी वाजवत निघालेत. रविवारी मी मुकादमाला बेकरीवर नेते. नेते कसली, तोच मला ओढत नेतो.

निघताना काकांनी विचारलं की यातलं एखादं पत्र ठेवून घेऊ का. पत्र कसं देणार, घरातलं सगळं त्यात. म्हणून त्यांच्याच पाव गुंडाळायच्या कागदावर मुकादमाचा पंजा उठवून दिला. काकूंनी तो भट्टीवरच्या भिंतीला लावलाय.

लवकर ये. माया आहेच, ती घेऊन ये.

तुझी ताई

ता. क. सही खाली आहे. या वेळी बोटं मी मोजलीत, तूही मोजून घे.