रिकिबीशिवाय एक फेरी

ऊसमळा, देवळाली प्रवरा
रविवार, ता. ११ मार्च १९७३

प्रिय विजयमाला,

दरवेळी मी कार्ड टाकतो आणि वर 'सौ. विजयमालास अनेक आशीर्वाद' असं लिहितो. या वेळी पाकीट आहे, आणि मायनाही मला हवा तसा लिहिला आहे. माझं कार्ड आलं की मामा ओसरीवर बसून ते तुझ्या माहेरच्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात, हे तू सांगितलं होतंस. तेव्हापासून कार्डात मी हवापाण्याशिवाय काही लिहीत नाही. हे पाकीट तू आधी एकटीनं वाच. मामांनी विचारलं तर सांग की बाळंतपणाविषयी काही विचारलं आहे. नाही, तसं सांगू नकोस. फक्त म्हण, मी आधी वाचते, मग सांगते.

तुला आता आठवा महिना लागला असेल. मी पागेतल्या कॅलेंडरावर खुणा करतो, पण माझं गणित आणि आईचं गणित यांत नऊ दिवसांचा फरक पडतो. आई म्हणते तिचंच बरोबर. मिरजगावला टँकर एक दिवसाआड येतो की दोन, ते कळव. तू रांगेत उभी राहू नकोस, बन्सीला उभं कर, भाऊ कशाला आहे. इथेही दुष्काळ आहेच. कालव्याचं पाणी पाळीनं सुटतं आणि निम्म्या रानात ऊस नाही. पण घोड्यांना आणि माणसांना पुरेल एवढं पाणी आहे. मामांनी ते बरोबर हेरलं. जानेवारीत त्यांचं कार्ड आलं, की विहिरीनं तळ दाखवला आहे, बाळंतपण झालं की सव्वा महिन्यानं बन्सी तुम्हा दोघांना थेट मळ्यावरच्या खोलीवर आणून सोडील, तिथे निदान पाणी आहे. ते कार्ड मी अकरा वेळा वाचलं. मग घडी करून तोबऱ्यांच्या फळीमागे ठेवलं आणि परत काढून वाचलं.

विजयमाला, खोली नव्हती.

आता सुरुवातीपासून लिहितो, म्हणजे मधे काही सुटणार नाही. आम्ही तुला पाहायला आलो तेव्हा भिमाजीकाका मामांना म्हणाले, "पोरगं मळ्यावर स्वार हाय. घोड्याव बसून ऊस राखतंय." मी तेव्हा बशीतल्या चहाकडे बघत होतो. मी स्वार नाही, मोतद्दार आहे, एवढंच म्हणायचं होतं. घोडी बांधतो, खरारा करतो, लीद काढतो, तोबरे भरतो. काका बोलले ते काकांचं, असं मी मनाशी म्हटलं. पण मग मामांनी मलाच विचारलं, "आन् पोरीला ठिवनार कुठं?" आणि विजयमाला, त्याचं उत्तर मी स्वतः दिलं. खोली आहे म्हणालो. बारा बाय दहा, कौलारू, दाराशी नळ. ती कानिफनाथ स्वाराची खोली. मी त्यांच्याकडे सामान पोचवायला जायचो म्हणून मला तिची मापं ठाऊक होती. मी सांगितलेलं प्रत्येक माप बरोबर होतं. मामांनी मान डोलावली. माप सांगणारा माणूस खरं बोलतो असं त्यांना वाटलं असणार. मलाही बोलताना तसंच वाटत होतं.

मळ्यावर खोली फक्त स्वारांना मिळते. मोतद्दार गवताच्या गोदामात झोपतात. आम्ही तिथे चौघं आहोत. लग्नानंतर तू सहा महिने राहात्याला माझ्या आईजवळ राहिलीस. मी पंधरा दिवसांनी यायचो आणि तू विचारायचीस, की मला कधी नेणार. आधी मी म्हणालो कौलं बदलायची आहेत. मग म्हणालो चुना दिला आहे, वाळतो आहे. "चुना वाळायला सहा महिने लागतात व्हय?" असं तू एकदा विचारलंस आणि हसलीस. पदर तोंडाला लावून, जात्याशी बसून. मला हसता आलं नाही. त्या रात्रीची एस.टी. मी मुद्दाम लवकरची धरली.

कानिफनाथांचा गुडघा कामातून गेला म्हणून डिसेंबरात त्यांना पाटावरच्या चौकीत बसतं काम मिळालं आणि स्वाराची एक जागा मोकळी झाली. मामांचं कार्ड आल्यावर मी दफेदारांकडे गेलो. अब्राहाम दफेदार म्हणजे आमच्या पागेचे मुख्य. पलटणीत पंचवीस वर्षं घोड्यांत काढलेली. दर रविवारी ख्रिस्ती देवळातून आले की पांढरे कपडे न बदलता आधी घोड्यांचे खूर बघतात. मी म्हटलं, मला स्वार व्हायचं आहे. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आरं, तू तर पायजम्याची नाडी बांधताना बी दोनदा बघतो. घोड्याव काय करशील?" शेजारी राहीबाई गवताचे भारे सोडत होत्या. त्या म्हणाल्या, "घोडी धुताना हा तिला इचारून धुतो, दफेदार. बसवा त्याला. घोडी न्हाई टाकायची." दफेदार हसले आणि हो म्हणाले.

इथला एक नियम तुला सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावरच अडलं होतं. उसाच्या दोन सऱ्यांमधून घोडा घातला की पाय ठेवायची लोंबती रिकीब उसात अडकते. एक स्वार तसा फरफटत गेला होता म्हणतात. म्हणून रानात शिरताना रिकिबी वर घेऊन खोगिरावर आडव्या टाकायच्या आणि पाय मोकळे सोडून बसायचं. तेव्हा जो माणूस रिकिबीशिवाय, दुडक्या चालीत, बूड न उचलता, मैदानाची एक पुरी फेरी मारील, तोच स्वार. चौखूर पळणं सोपं आहे, असं सगळे सांगतात. अवघड आहे ती दुडकी. चालणं नाही आणि पळणंही नाही. घोडा दोन दोन पायांवर टपटप उडतो आणि प्रत्येक टापेला खालून धक्का देतो. रिकीब असली की तिच्यावर उभं राहून तो चुकवता येतो. रिकीब नसली की चुकवायला जागाच नाही.

मला पाखरी नावाची घोडी दिली. तिला मी तीन वर्षं खरारा करतो आहे, तिच्या अंगावरचा प्रत्येक भोवरा मला माहीत आहे. पण खालून ओळखणं वेगळं आणि वर बसणं वेगळं. दफेदारांनी तिला लांब दोर लावला, माझ्या हातातला लगाम काढून घेतला, हात कमरेवर ठेवायला लावले आणि रिंगणात फिरवली. पहिल्या दिवशी मी सहा वेळा पडलो. भीतीनं मी गुडघे आवळायचो, आणि गुडघे आवळले की माणूस चिमट्यातून बी निसटावी तसा वर उडतो. हे मला समजत होतं. पाटीवर लिहून दाखवलं असतं. पण धक्का आला की गुडघे आपोआप आवळायचेच. मांड्या आतून सोलून निघाल्या. राहीबाईंनी खोबरेल आणि हळद दिली. पंधरा दिवस मी चालायचो ते बघून गोदामातले मला बदक म्हणायचे.

मग दफेदारांनी एक युक्ती काढली. ती त्यांची जुनीच आहे. घोड्यावर बसलेल्यानं मोठ्यानं काहीतरी म्हणत राहायचं. ते स्वतः पलटणीत स्तोत्रं म्हणत शिकले. माणूस श्वास कोंडून धरतो म्हणून कडक होतो, बोलत राहिला की श्वास सुटतो. "काय येतंय तुला पाठ?" म्हणाले. मी सहावीतून शाळा सोडली हे तुला माहीत आहे. वडील गेले आणि घरी माणूस हवं होतं. पण पाढे मला सगळे येतात, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो वर्गात फक्त मला यायचा. दफेदार म्हणाले, तोच म्हण. तेव्हापासून रोज सकाळी मैदानात औटकी. साडेतीन म्हणायला गेलो की घोडी तीन तुकडे करायची. साडेदहाला जीभ चावायची. घास कापायला आलेल्या बाया बांधावर उभ्या राहून मला पुढचा आकडा सांगायच्या, तोही चुकीचा. मी वर उडत उडत तो दुरुस्त करायचो.

महिना झाला आणि प्रगती नाही. मामांनी ठरवलेला दिवस जवळ येत होता. तेव्हा मी एक वाईट गोष्ट केली. तू फराळाचं गाठोडं बांधून दिलं होतंस ते तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या धडप्यात. त्याची पट्टी फाडून मी सदऱ्याच्या आतून कमरेला बांधली आणि तिची टोकं खोगिराच्या कड्यांना. वरून काही दिसत नव्हतं. दोन दिवस मी छान बसलो. औटकी निम्म्यापर्यंत गेली. बाया म्हणाल्या, जमलं की. तिसऱ्या दिवशी दफेदार जवळ आले, सदरा वर केला आणि खिशातल्या चाकूनं दोन्ही टोकं कापली. शिवी दिली नाही. म्हणाले, "घोडी पडली असती तर तिच्याखाली तू गेला असता, गहिनीनाथ. आन् तिला बी उठता आलं नसतं." माझं पुरं नाव त्यांनी तेव्हा पहिल्यांदा घेतलं. घोडीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली. आठ दिवस त्यांनी मला खोगिराला हात लावू दिला नाही. मी नुसता लीद काढत राहिलो.

त्या आठ दिवसांत मी पाखरीची दुडकी खालून बघितली. दुसरे स्वार फिरायचे आणि मी बघायचो. धक्का प्रत्येकालाच बसत होता. चांगल्या स्वाराला कमी बसत होता असं नाही. तो कमरेत घ्यायचा आणि जाऊ द्यायचा, एवढंच. मला वाटायचं की शिकलं म्हणजे धक्का लागणारच नाही. नवव्या दिवशी दफेदारांनी स्वतःच खोगीर माझ्या हातात दिलं.

गेल्या गुरुवारी, ८ तारखेला, सकाळी साडेसातला माझी फेरी झाली. मळ्याचे साहेब जीपमधून आले होते. रिकिबी वर टाकल्या, लगाम हातात घेतला, औटकी सुरू केली. पहिल्या कोपऱ्याला मी खोगिरात पुरा डावीकडे सरकलो. माझे गुडघे आवळायला निघाले होते, ते मला कळलं, आणि मी ते सोडले. सोडताना वाटलं की आता पडणार. पडलो नाही. चिंचेजवळ साडेचोवीस म्हटलं ते सलग आलं. पुढे पाढा संपला तरी फेरी शिल्लक होती, म्हणून मी परत पहिल्यापासून सुरू केला. साहेब दफेदारांना म्हणाले, हा काय पुटपुटतो आहे. दफेदार म्हणाले, "श्वास घेतोय, साहेब." मी थांबलो तेव्हा ते जवळ येऊन पाखरीच्या मानेवर थोपटत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. राहीबाई म्हणाल्या, "बदकाचा मानूस झाला." त्या संध्याकाळी मला स्वाराची काठी मिळाली, आणि काल दुपारी खोलीची किल्ली.

ही किल्ली आत्ता माझ्या खिशात आहे, आणि हे पत्र मी तिच्यामुळेच लिहितो आहे. काल रात्रभर मी विचार केला की आता काहीच सांगायची गरज उरलेली नाही. मी स्वार आहे, खोली आहे, मामा बोलले होते तसं सगळं झालं. बन्सी तुला आणून सोडील, तू दार उघडशील, आणि पहिल्यापासून असंच होतं असं सगळ्यांना वाटेल. कोणाला कधीच कळणार नाही. पण मग तू आत आल्यावर मी रोज तुझ्यापुढे गुडघे आवळून बसलेला असेन, आणि असं बसून माणूस टिकत नाही, हे मला आता माहीत आहे. म्हणून तू निघण्याआधी सगळं खरं सांगतो. खोली कानिफनाथांची नाही. ती त्यांच्याकडेच राहिली. मला मिळाली ती पागेमागची जुनी सामानाची खोली. काल दोरीनं मोजली. दहा बाय आठ, त्यातही एक भिंत तिरकी आहे म्हणून एका बाजूला साडेसातच. वर कौलं नाहीत, पत्रा आहे. दुपारी तापेल, मी वर उसाचं पाचट टाकणार आहे. नळ दाराशी नाही, एकेचाळीस पावलांवर आहे. पाणी मी भरीन. चामड्याचा वास येतो, तो दोन सारवणांत जाईल असं राहीबाई म्हणतात. पाडव्याला मी मिरजगावला येतो आहे. मामांना मी स्वतः समोर बसून सांगेन. तू माझ्या बाजूनं बोलायचं नाहीस. त्याआधी तुला राग आला तर तसं कळव, आणि यायचं नसेल तर तेही कळव. मी आईला सांगून तुझी राहात्याला सोय करीन. आणि यायचं असेल तर एक गोष्ट मोजून लिही. जमिनीपासून तुझा हात उंच केल्यावर किती पोचतो ते. डब्यांची फळी आणि पाळण्याचा आकडा तुझ्या हाताला येईल एवढ्या उंचीवर लावायचा आहे, आणि ती उंची मला अंदाजानं धरायची नाही. तोवर भिंतीला एकही खिळा मारलेला नाही.

वाट बघणारा, तुझाच
गहिनीनाथ